घाटमाथ्यावरचा सागरी न्याय

बंगळुरूच्या अट्टार कचेरीची तांबडी वास्तू पाहताना मला दरवेळी नवल वाटते. समुद्रसपाटीहून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या उच्च न्यायालयाला मंगळुरू बंदरातील जहाज अटकावून ठेवता येते! २०१७ च्या कायद्याने हा अधिकार स्पष्ट केला. तोवर १८४० आणि १८६१ चे ब्रिटिश कायदेच प्रमाण होते. वाट मोकळी झाली ती १९९२ च्या ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ निकालाने. मुरगावहून निसटलेले ते जहाज विशाखापट्टणमला अडवले गेले, आदेश मात्र हैदराबादचा. नव्या कायद्यात खलाशाच्या थकीत वेतनाला पहिला अग्रक्रम आहे. परंतु उच्च न्यायालयाची खंडपीठे धारवाड व कलबुर्गीला. किनाऱ्यावर एकही नाही. जहाज एका रात्रीत नांगर उचलते. मंगळुरूतच तातडीचा अर्ज ऐकण्याची सोय झाल्याशिवाय तो अग्रक्रम मला कागदीच वाटतो.