साडेतीन मिनिटांचा डाव

वाचकहो, जोंधळ्याच्या कणसांत दाणा भरू लागला की शेतात माळा उभा राहतो आणि त्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण माळा उंच का बांधतात? मुख्य कारण हे, की पाखरू लांबून दिसावं. हात किती लांब पोचतो ही एक गोष्ट आणि डोळा किती लांब पोचतो ही दुसरी. विमानावर क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या तुकडीचंही असंच असतं. तिचा डोळा म्हणजे रडार.

हे संगणकावरच्या एका खेळात फार चांगले कळते. ‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’ हे त्याचे नाव, २०१९ साली तो निघाला. पडद्यावर नकाशा, त्यावर चिन्हे, आणि शत्रूच्या क्षेपणास्त्रांभोवती एक वर्तुळ. समजा, ते १०० किलोमीटर त्रिज्येचे आहे आणि मधोमध असलेला पूल तुम्हांला उडवायचा आहे. नवखा खेळाडू वर्तुळाला गावकुसासारखी भिंत समजतो. पण ते वर्तुळ हाताचे आहे, डोळ्याचे नव्हे.

गुरुजींनी फळ्यावर हे गणित जरूर घालावे. रडारची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा. विमानाच्या उंचीचेही काढा. दोन्हींची बेरीज करून तिला ४.१ ने गुणा; साधारण तेवढ्या किलोमीटरवरून विमान दिसू लागते. रडार ९ मीटर उंच आणि विमान १०,००० मीटरवर असेल, तर ३ अधिक १००, म्हणजे सुमारे ४२२ किलोमीटर. तेच विमान १०० मीटरवर उतरले, की ३ अधिक १०, म्हणजे अवघे ५३ किलोमीटर! पृथ्वी गोल आहे, तिच्या पाठीआड विमान लपते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे ५३ किलोमीटर साडेतीन मिनिटांत संपतात. मध्ये डोंगर असला तर आणखी लवकर.

मग सगळ्यांनी खालूनच का जाऊ नये? एक तर खाली इंधन फार जळते. पूल उडाला तरी घर गाठता येत नाही. दुसरे कारण व्हिएतनामच्या युद्धात दिसले. २४ जुलै १९६५ रोजी तिथे क्षेपणास्त्राने पहिले अमेरिकन विमान पाडले. आतल्या दोघांपैकी एक मेला, दुसरा कैद झाला. तीनच दिवसांनी अमेरिकनांनी क्षेपणास्त्रांच्या जागांवर अगदी खालून धाड घातली. खाली साध्या विमानवेधी तोफा वाटच पाहत होत्या. एका दिवसात सहा विमाने गेली, आणि एका जागी तर क्षेपणास्त्राचे नुसते बुजगावणे उभे होते.

म्हणून जाणता खेळाडू डोळ्यावरच डाव टाकतो. रडारच्या लहरींचा माग काढत त्यावरच आदळणारी क्षेपणास्त्रे असतात. ती आली की रडारवाल्यापुढे पेच पडतो : चालू ठेवावे तर मरण, बंद करावे तर आंधळेपण. त्याने बंद केले तरी आपले काम झाले, बरं का! तुकडी मारलीच पाहिजे असे नाही, थोडा वेळ आंधळी राहिली तरी पुरे. ९ जून १९८२ रोजी लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने आधी वैमानिक नसलेली छोटी विमाने पुढे धाडली. सीरियाची रडारे जागी झाली, त्यांचा ठावठिकाणा कळला, आणि मग खरा हल्ला आला.

खेळात आता असे करा. दोन विमाने वरून, मुद्दाम दिसतील अशी पाठवा. पूल उडवणारी चार डोंगराआडून, खालून येऊ द्या. अवघड आहे ती वेळ जुळवणे. वरची दोन जर दोनच मिनिटे लवकर पोचली, तर रडार बंद होऊन पुन्हा चालू होते, आणि नेमकी तेव्हाच खालची चार विमाने डोंगराची आड सोडून उघड्यावर येतात.