जरा ऐकून घ्याल का?

वक्तृत्वाच्या स्पर्धा आपल्याकडे गल्लोगल्ली होतात. ऐकण्याची स्पर्धा कोणी भरवल्याचे मात्र ऐकिवात नाही. भरवलीच, तर आम्हा प्राध्यापक मंडळींना उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळणे कठीण! तासभर अखंड बोलण्याची आमची सवय घंटा झाली म्हणून थोडीच सुटते? ती आमच्यामागून स्टाफरूममध्येही येते.

समजा, तासिका तत्त्वावर नेमलेला एखादा तरुण सहकारी खडूचे हात झटकीत येतो आणि म्हणतो, "सर, एस. वाय.च्या वर्गावर जावंसंच वाटत नाही हल्ली." झाले! एक सर म्हणतात, "अहो, हे काहीच नाही. आमच्या वेळी वर्गात सव्वाशे पोरं असत!" पलीकडच्या बाई म्हणतात, "दोघांना बाहेर काढा, बाकीची आपोआप गप्प बसतील." तिसरे चहाचा कप पुढे सरकवतात, "मनाला लावून घेऊ नका हो." तिघांचाही हेतू चांगलाच. पण एकाने आपली कहाणी सांगितली, दुसरीने नाडी न पाहता औषध दिले आणि तिसऱ्याने विषयच मिटवला. तो बिचारा मुकाट्याने चहा पितो. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, तो वरिष्ठांपुढे दुसऱ्यांदा तोंड उघडील कशाला?

आता कोणी एवढेच म्हटले असते तर? "म्हणजे बाकीच्या वर्गांवर ठीक आहे, त्या एकाच वर्गाचं मनावर दडपण येतं?"

"हो ना! तिथं मागच्या बाकावरून 'तात्पुरते सर' म्हणून हाक येते."

पाहा, मुलांना बाहेर काढण्याचा सल्ला इथे किती उपयोगी पडला असता! दुखणे शिस्तीचे नव्हतेच.

समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचे, ही ती युक्ती. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली सक्रिय श्रवणावर एक छोटी पुस्तिका लिहिली. वादात आपला मुद्दा मांडण्याआधी दुसऱ्याचा मुद्दा आणि भावना त्याचे समाधान होईल अशा सांगून दाखवा, असा प्रयोग तिच्यात सुचवला आहे. घरी नवराबायकोंनी करून पाहायलाही हरकत नाही!

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. न्यायसूत्रांत पुनरुक्ती आणि अनुवाद यांत भेद केला आहे. उगाच केलेला पुनरुच्चार हा दोष. हेतू धरून केलेला, तो अनुवाद. शब्द पोपटासारखे परत फेकले तर काय होते? १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची संगणकाची आज्ञावली प्रसिद्ध केली. माणसाने टंकलेले वाक्य उलटवून ती प्रश्न विचारी. कळत तिला काहीच नसे. तरी खुद्द त्यांच्या सचिवबाईंनी तिच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! ऐकून घेणाऱ्याची माणसाला भूकच एवढी.

गंमत अशी, की ही विद्या आम्ही सारांशलेखन म्हणून शिकवतोच. उताऱ्याचा आशय पकडा, स्वतःचे मत घुसडू नका, नाहीतर गुण कापू, असे बजावतोही. सहकाऱ्याच्या बाबतीत आमचे गुण कोण कापणार?

अवघड भाग गप्प बसण्याचा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. तीन सेकंद थांबले, की मुलांची उत्तरे लांबत. स्टाफरूममध्ये तीन सेकंद फार मोठे वाटतात; कोणीतरी चटकन पगारवाढीचा विषय काढतोच.

आपला अनुवाद चुकला तरी बिघडत नाही. "तुम्हाला त्या पोरांचा राग येतो, नाही का?" असे विचारावे आणि त्याने म्हणावे, "राग नाही हो सर, लाज वाटते." ही दुरुस्ती सोन्यासारखी. मात्र प्रत्येक वाक्याला "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की" हे पालुपद लावू नये. समोरचा वैतागून उठून जाईल. या ऐकण्याने त्याची नेमणूक कायम होणार नाही, हेही खरेच. तिच्यासाठी प्राचार्यांकडे शब्द टाकायचा, तर आधी त्याला विचारून टाकावा. आणि असले बोलणे भरल्या स्टाफरूममध्ये काढू नये. ग्रंथालयाकडे जाणारा व्हरांडा त्याहून बरा.