जनरेटर बंद पडला की बेंजो कुठे जातो?

मालवण-कुडाळकडच्या वरातीत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत जनरेटर मध्येच दगा देतो, तेव्हा ढोल-ताशे वाजतच राहतात. बेंजोची मात्र नुसती किणकिण उरते, तीही टेम्पोला खेटून उभ्या असलेल्यांपुरती. वादकाची बोटं तशीच चालत असतात, तारा तशाच थरथरत असतात. मग इतका वेळ रस्ता दणाणून सोडणारा आवाज येत कुठून होता? इलेक्ट्रिक गिटार समजून घ्यायची तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी, कारण या दोन वाद्यांचं काळीज एकच आहे.

आपला बेंजो मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारखी बटणं लावून ‘ताइशोगोतो’ बनवलं. ते भारतात येऊन बुलबुल तरंग, बेंजो या नावांनी रुळलं. चामडं ताणलेला अमेरिकन बँजो वेगळाच. मिरवणुकीत उतरायचं म्हटल्यावर आपल्या बेंजोनेही गिटारचीच युक्ती उचलली : तारांखाली पिकअप.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. गिटारच्या साध्या पिकअपमध्ये ते सात-आठ हजारांच्या घरात असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही किंचित चुंबक बनते. ती हलली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे त्यांत विद्युतदाब निर्माण होतो. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर वीजही तितक्याच वेळा हेलकावे घेते. ॲम्प्लिफायर हे हेलकावे मोठे करतो आणि स्पीकर त्यांचा आवाज करतो. गंमत अशी की पिकअपला आवाज ऐकूच येत नाही, त्याला फक्त पोलाद हललेलं कळतं. नायलॉनची तार लावा, कितीही छेडा, स्पीकर मुका!

म्हणूनच इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पेटी लागत नाही. उलट पोकळ पेटी स्पीकरच्या आवाजाने स्वतःच घुमू लागते आणि शिट्टी मारते. भरीव धड हा त्यावरचा उपाय. रिकनबॅकर कंपनीची १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची गिटार दिसायला तळणीसारखी होती, आणि तिचं टोपणनावही ‘फ्राइंग पॅन’च पडलं.

बऱ्याच गिटारींना दोन-तीन पिकअप असतात ते शोभेसाठी नव्हे. घोडीपाशी तार बांधलेली असल्याने तिथे मूळ स्वराची हालचाल अगदी थोडी असते आणि त्या मानाने उपस्वरांचा वाटा मोठा. म्हणून तिथल्या पिकअपचा आवाज टोकदार येतो. दांडीकडच्या पिकअपला तार जास्त झुलताना सापडते, आवाज गोल आणि भरदार होतो. व्हॉल्यूमचं बटण वीज कमी-जास्त करतं. टोनचं बटण कपॅसिटरच्या वाटेने उंच कंपनं जमिनीकडे सोडून देतं, म्हणजे ते आवाजात काही घालत नाही, फक्त काढून घेतं.

खुंट्या तार ताणतात हे सतार पाहिलेल्याला सांगायला नको. फ्रेट म्हणजे पडदेच, पण सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता न येणारे. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या आडव्या पट्टीपासून, ३६.४ मिलिमीटरवर बसतो, पुढची अंतरं घटत जातात आणि बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर येतो : वरचा सा. बेंजोचं बटण दाबल्यावर बोटाऐवजी धातूची पट्टी तार दाबते, गणित तेच.

फ्रेट ठोकलेली काळपट पट्टी पुष्कळदा शिसवीची असते, आणि ती भारतीय शिसव, आपल्या सह्याद्रीतही वाढणारी. लाकडामुळे नाद बदलतो असं शपथेवर सांगणारे वादक भेटतात. इलेक्ट्रिक गिटारबाबत मला ते पटत नाही. पिकअप बदलून पडणाऱ्या फरकापुढे पट्टीच्या लाकडाचा फरक किरकोळच असणार.

पिकअपचा एक दोष मात्र आहे. ते वीजवाहिन्यांची आणि ट्रान्सफॉर्मरची घरघरही पकडतं. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी त्यावर ‘हमबकर’ काढला : दोन गुंडाळ्या, वेढे आणि चुंबक दोन्ही परस्परांच्या उलट. बाहेरची घरघर दोन्हींत विरुद्ध दिशेने येऊन एकमेकींना मारते, तारेची वीज मात्र दोन्हींची मिळून वाढते.

तारांना हात लावताच खरखर कमी होते, त्याचं कारण वेगळं. घोडीपासून एक वायर आतून जॅकच्या अर्थला जोडलेली असते, म्हणजे वादकाचं शरीरही ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलं जातं. टेम्पोवर भर पावसात हे विसरून चालत नाही. अर्थिंग धड नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये वीज गळत असेल, तर एका हातात तारा आणि दुसऱ्यात माइक धरणाऱ्याला जबर धक्का बसू शकतो. मिरवणूक निघण्याआधी वादक तारा लावून घेतातच. त्याच वेळी जनरेटरचं अर्थिंग आणि ॲम्प्लिफायरची तिसरी पिनही पाहून घ्यावी.