आडवं इंजिन, सरळ विचार : फियाट १२८ ची गोष्ट

प्रीमियर पद्मिनी माहीत नाही असा मेकॅनिकलचा विद्यार्थी विरळाच. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ती निवृत्त झाली, पण जे कधी तिच्या मागच्या सीटवर तिघांत बसले आहेत, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. मधल्या माणसाच्या पायाखाली जमिनीतून वर आलेला एक उंचवटा असायचा. त्याच्या आतून प्रॉपेलर शाफ्ट जायचा. इंजिन पुढे, चालणारी चाकं मागे, म्हणजे ताकद मागे न्यायला गाडीच्या पोटातून एक लांबलचक दांडा हवाच. मधल्या माणसाने पाय कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्या दांड्याच्या हिशेबात नव्हता.

पद्मिनीचं मूळ म्हणजे फियाट ११००. ज्या दान्ते जाकोझा यांच्या हाताखाली फियाटमध्ये ती गाडी घडली, त्याच माणसाने पुढे हा उंचवटा काढून टाकण्याचा असा मार्ग शोधला की आज जगातल्या बहुतेक छोट्या आणि मध्यम पेट्रोल-डिझेल गाड्या त्याच वाटेने जातात. ती गाडी म्हणजे १९६९ ची फियाट १२८. दिसायला चौकोनी खोक्यासारखी, पोस्टर करून भिंतीवर लावावी अशी मुळीच नाही. पण आपल्यासारख्यांनी अभ्यासावी अशी नक्की आहे.

आधी थोडा इतिहास

जाकोझा यांचा जन्म १९०५ चा. तुरिनच्या पॉलिटेक्निकमधून इंजिनिअर होऊन ते १९२८ मध्ये फियाटमध्ये लागले. १९३६ ची छोटी ‘तोपोलिनो’, १९५५ ची ६००, १९५७ ची नवी ५०० या सगळ्या त्यांच्याच देखरेखीखाली झाल्या. पुढची चाकं चालवायची कल्पना त्यांच्या डोक्यात बरीच आधीपासून होती. पण फियाटमध्ये या कल्पनेवर एक जुना शाप होता म्हणा ना! १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने फ्रंट व्हील ड्राइव्हची एक प्रायोगिक गाडी बनवली होती. संस्थापक जोव्हान्नी आन्येली स्वतः त्यात बसले असताना चाचणीतच गाडीने पेट घेतला. साहेब सुखरूप उतरले, पण त्यानंतर त्यांनी या प्रकारालाच बंदी घातली, असं सांगितलं जातं. आग लागायला पुढची चाकं जबाबदार नव्हती, पण वरिष्ठांचं मत एकदा बनलं की बनलं. हे फक्त इटलीतच होतं असं नाही!

१९५९ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ आली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. इंजिन आडवं ठेवायचं आणि पुढचीच चाकं चालवायची. जेमतेम ३.०५ मीटर लांबीच्या गाडीत चार मोठी माणसं बसू लागली. मग अडचण काय होती? अडचण गिअरबॉक्सची होती. इंजिन आडवं ठेवल्यावर त्याच्या शेजारी जागा उरत नाही, म्हणून इसिगोनिस यांनी गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, ऑइल सम्पमध्ये बसवला. म्हणजे इंजिनचं आणि गिअरचं ऑइल एकच. इंजिनला हवं असलेलं ऑइल आणि गिअरच्या दातांना हवं असलेलं ऑइल यांचे गुणधर्म वेगळे असतात, हे आपण ट्रायबॉलॉजीत शिकतोच. त्यात वरून खाली ताकद आणायला जास्तीचे गिअर लागतात, म्हणजे आवाज वाढतो, खर्च वाढतो. शिवाय गिअरबॉक्सचं काम निघालं की अख्खं इंजिन बाहेर काढा.

जाकोझा यांचा विचार साधा होता. इंजिन आडवं, ठीक. पण गिअरबॉक्स त्याच्या टोकालाच, एका रेषेत लावायचा. दोघांचं ऑइल वेगळं, दोघांची दुरुस्ती वेगळी.

ऐकायला सोपं, बसवायला अवघड

आता एक कागद घ्या आणि गाडी वरून कशी दिसेल ते काढा. दोन पुढची चाकं. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळणार, म्हणून त्यांना आतल्या बाजूला मोकळी जागा सोडायला हवी. जी उरली त्यात चार सिलिंडर, क्लच आणि गिअरबॉक्स हे सगळं एका ओळीत बसवायचं. इथे एकेक सेंटिमीटरसाठी मारामारी होते.

पहिली अडचण डिफरन्शियलची. गिअरबॉक्स एका बाजूला असल्यामुळे डिफरन्शियल गाडीच्या मधोमध येत नाही. म्हणजे एक ड्राइव्ह शाफ्ट आखूड आणि दुसरा लांब. व्हायव्हाला हमखास विचारावा असा प्रश्न : त्याने काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात. एक, लांब शाफ्ट जास्त पिळतो. पिळाचा कोन टॉर्क आणि लांबी यांच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर दोन्ही चाकांना ताकद अगदी एकाच क्षणी, एकसारखी पोचत नाही. दोन, आखूड शाफ्टचा चाकाकडचा कोन जास्त तिरका होतो आणि त्या जॉइंटवर येणारं बल स्टिअरिंगला एका बाजूला ओढतं. यालाच टॉर्क स्टिअर म्हणतात.

पहिल्या अडचणीला उत्तर आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्येच आहे. भरीव शाफ्टची पिळाविरुद्धची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. समजा लांब शाफ्ट आखूडच्या दुप्पट आहे. तर दोघांचा पीळ सारखा करायला लांब शाफ्टचा व्यास किती वाढवावा लागेल? दोनचं चौथं मूळ, म्हणजे १.१९ पट. २४ मिलिमीटरच्या जागी साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर. बस्स, एवढंच! लांबी दुप्पट झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या अडचणीला पूर्ण उत्तर नाही, पण टॉर्क कमी असेल तर तिचा त्रासही कमी होतो. १२८ चं इंजिन ५५ अश्वशक्तीचं होतं. एवढ्या ताकदीला स्टिअरिंगची ओढ चालकाला सहज सांभाळता येते. पुढे ताकदवान इंजिनं आली तेव्हा मध्ये एक जादा शाफ्ट घालून दोन्ही बाजू समान करायची पद्धत आली. म्हणजे जाकोझा यांनी अडचण नाहीशी केली नाही, ती कितपत चालेल हे मोजलं. इंजिनिअरिंग बरंचसं असंच असतं.

दुसरी अडचण रेडिएटरची. इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने असलं की क्रँकशाफ्टचं टोक पुढे येतं आणि त्यावर पट्ट्याने पंखा फिरतो. इंजिन आडवं केलं की हे टोक चाकाकडे तोंड करून उभं राहतं. मिनीने रेडिएटरच बाजूला नेला. फियाटने रेडिएटर पुढे, वाऱ्यासमोर ठेवला आणि पंखा विजेच्या मोटरवर चालवला. पाणी ठराविक तापमानाला पोचलं की स्विच लागतो, थंड झालं की पंखा बंद. यात एक फुकटचा फायदा मिळाला. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पट्ट्यावरचा पंखा ३००० फेऱ्यांवर जेवढी ताकद खातो, त्याच्या आठपट ६००० वर खातो, आणि तेव्हा तर समोरून भरपूर वारा येत असल्याने त्याची गरजच नसते. उलट ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना, गरज असते तेव्हाच, तो सगळ्यात हळू फिरतो. विजेच्या पंख्याने हे उलटं गणित सरळ केलं.

इंजिन कुणाचं?

इंजिनचं काम ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्याकडे होतं. हे गृहस्थ फियाटमध्ये येण्याआधी फेरारीसाठी बारा सिलिंडरची इंजिनं करायचे! शर्यतीच्या गाड्यांचा माणूस, आणि त्याने कुटुंबाच्या गाडीचं इंजिन केलं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ५५.५ मिलिमीटर, एकूण १११६ सीसी. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनिअमचं हेड, त्यावर एक कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला दातेरी पट्टा.

पद्मिनीच्या इंजिनशी तुलना करून बघा. तिचा बोअर ६८, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. दोन्ही जवळजवळ सारख्याच आकाराची, पण स्वभाव वेगळा. ६००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग काढा : १२८ मध्ये सेकंदाला ११.१ मीटर, आणि ७५ चा स्ट्रोक असता तर १५ मीटर. आखूड स्ट्रोकमुळे इंजिन जास्त फिरू शकतं आणि उंचीही कमी होते. मोठ्या बोअरमुळे व्हॉल्व्ह मोठे बसतात. पण फुकट काही मिळत नाही. चार बोअरची नुसती बेरीज ३२० मिलिमीटर होते, पद्मिनीत ती २७२ आहे. म्हणजे ज्या दिशेला जागेची सगळ्यात जास्त टंचाई, त्याच दिशेला इंजिन किमान ४८ मिलिमीटरने वाढलं. ती जागा मग क्लच आणि गिअरबॉक्स आखूड करून भरून काढायची. इंजिनवाला आणि गिअरबॉक्सवाला एका टेबलावर बसल्याशिवाय अशी गाडी होत नाही.

सस्पेन्शनमध्येही हाच विचार. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, कारण वरचा विशबोन गेला की इंजिनला रुंदी मिळते. मागे स्वतंत्र सस्पेन्शन आणि एकच आडवी पाटा स्प्रिंग. ही स्प्रिंग दोन ठिकाणी धरल्यामुळे वळणावर अँटी-रोल बारचं कामही करते. एका भागात दोन कामं! स्टेपनीसुद्धा बॉनेटखाली, म्हणजे डिकी पूर्ण सामानाला मोकळी. गाडीची लांबी साधारण ३.८५ मीटर, वजन ८०० किलोच्या आसपास.

आधी दुसऱ्याच्या नावाने

मला या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा वाटतो. फियाटने ही नवी रचना एकदम स्वतःच्या नावावर बाजारात आणली नाही. १९५५ मध्ये बियांकी, फियाट आणि पिरेली यांनी मिळून ‘ऑटोबियांकी’ ही कंपनी काढली होती. १९६४ मध्ये तिच्या नावाने ‘प्रिमुला’ नावाची गाडी आली. रचना तीच : आडवं इंजिन, टोकाला गिअरबॉक्स, असमान शाफ्ट, विजेचा पंखा. इंजिन मात्र फियाट ११०० च्या घराण्यातलं, १२२१ सीसीचं. म्हणजे आपल्या पद्मिनीचं सख्खं भावंडच! नव्या रचनेत जुनं, खात्रीचं इंजिन. दोन नव्या गोष्टी एकाच वेळी तपासायच्या नाहीत, हा नियम आपल्या फायनल इयर प्रोजेक्टलाही लागू आहे. सगळंच नवं केलं आणि चाललं नाही, तर बिघाड कुठे आहे ते कळणार कसं?

प्रिमुला एकूण पाऊण लाखाच्या आसपास बनल्या. फियाटच्या मानाने हा आकडा किरकोळ, पण ग्राहकांच्या हातातली खरी चाचणी झाली. फसली असती तर फियाटच्या नावाला धक्का बसला नसता. पाच वर्षांनी १२८ आली तेव्हा पुढचं सस्पेन्शन बदललेलं होतं, इंजिन नवं होतं, आणि तुरिनजवळच्या रिवाल्ता इथे तिच्यासाठी नवा कारखाना तयार होता. १९७० चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा मान तिला मिळाला.

एका साच्यातून किती गाड्या

पुढचा विकासही बघण्यासारखा आहे. १९७१ मध्ये ‘रॅली’ आणि कूपे आल्या. बोअर ८० चा ८६ केला, स्ट्रोक तोच ठेवला, आणि १२९० सीसी मिळाले. १९७२ मध्ये हाच इंजिन-गिअरबॉक्सचा जोड उचलून चालकाच्या पाठीमागे ठेवला आणि दोन सीटची ‘एक्स १/९’ ही स्पोर्ट्स कार झाली. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एक सुटा संच असल्याचा हा फायदा. नंतर स्ट्रोक ६३.९ केला, बोअर ८६.४, आणि १४९८ सीसी झाले. युगोस्लाव्हियात झास्तावा कंपनीने १९७१ पासून १२८ वर आधारित ‘१०१’ काढली, ती २००८ पर्यंत चालली. इटलीत १२८ चं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, तोवर फियाटच्या नावाने २५ लाखांहून जास्त गाड्या गेल्या होत्या.

दोष नव्हते का? होते. पत्रा लवकर गंजायचा, ही तिची युरोपभर बदनामी होती. आणि दातेरी पट्टा वेळेवर बदलला नाही तर इंजिनला धोका. रचना कितीही हुशारीची असली तरी पत्रा, रंग आणि मेंटेनन्स यांना सुट्टी नसते.

तिचा खरा वारसा मात्र दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत दिसतो. फोक्सवॅगनचे लोक ‘बीटल’नंतर काय करायचं या विवंचनेत होते, तेव्हा त्यांच्याकडे १२८ सुटी करून मांडलेली आपण पाहिली, असं डिझायनर जॉर्जेत्तो जुजारो यांनी नंतर सांगितलं आहे. १९७४ ची ‘गोल्फ’ याच रचनेची निघाली. आपल्याकडे १९८३ ची मारुती ८०० याच रचनेची. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी झाली, तिथेच १९९० च्या दशकात फियाट ‘उनो’ बनू लागली, तीही आडव्या इंजिनची. म्हणजे उंचवटावाली गाडी आणि उंचवटा घालवणारी रचना एकाच आवारात येऊन भेटल्या.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये एखाद्या गाडीचं बॉनेट उघडलं तर दोन मिनिटं नुसतं बघा. इंजिन कुठल्या दिशेला आहे, गिअरबॉक्स कुठल्या टोकाला, कुठला शाफ्ट आखूड, पंख्याला वायर जाते की पट्टा. मग आत वाकून मागच्या सीटपुढची जमीनही बघा. मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा आहे का? ड्रॉइंग बोर्डवरची ती सगळी मारामारी शेवटी त्याच्याचसाठी होती.