नाताळाचे दिवस आणि कागदपत्रांचा कालनिर्णय

इंग्रजी अथवा पोर्तुगीज पत्रव्यवहारांत ‘नाताळानंतर चौथ्या दिवशीं’ अशा प्रकारचा उल्लेख आला म्हणजे वाचक २५ डिसेंबर धरून तारीख मोजतो व पुढें जातो. २५ डिसेंबर बरोबरच असतो. परंतु तो कोणाच्या गणनेचा, हें विचारावयाचें पुष्कळदां राहून जातें. हा सण एक असला तरी त्याचा दिवस सर्व ख्रिस्ती देशांत एक नाहीं. हा भेद कसा उत्पन्न झाला, आणि आमच्या संग्राहकांस त्याची दखल कां घ्यावी लागते, तें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम शब्द पाहूं. ‘नाताळ’ हें पोर्तुगीज ‘नाताल’चें मराठी रूप होय. त्याच्या मुळाशीं लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मासंबंधींचा, हा शब्द आहे. लॅटिन ‘नातुस’चें जुनें रूप ‘ग्नातुस’ असें होतें व त्यांतील धातु आपल्या ‘जन्’ धातूचा सहोदर आहे. म्हणजे संस्कृत ‘जात’ आणि फिरंग्यांचा ‘नाताळ’ यांचें कूळ एकच ठरतें. फ्रेंचांचा ‘नोएल’ही त्याच घराण्यांतला.

शुभवर्तमानांत जन्माची तारीख कोठेंही दिलेली नाहीं. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख रोम येथें इ. स. ३५४ सालीं सिद्ध झालेल्या एका संग्रह-पोथींत सांपडतो. तिच्यांत हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची एक यादी असून, ती ३३६ च्या सुमाराची असावी असें मानतात. त्याच पोथींतील दुसऱ्या पंचांगवजा भागांत याच तारखेस ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्यदेवाचा, जन्मदिन नोंदलेला आहे. कोणी कोणापासून घेतलें, यावर विद्वानांत अद्यापि एकमत नाहीं. एकाच पोथीच्या साक्षीवर असा निर्णय देऊं नये, असें आमचेंही मत आहे. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. आहेत त्या पुष्कळ नंतरच्या नकला.

पूर्वेकडील देशांत ६ जानेवारी हा दिवस अधिक मानीत, व त्या दिवशीं ख्रिस्ताचा जन्म आणि नदींतील स्नानसंस्कार असे दोन्ही प्रसंग स्मरत. अंत्युखियाचा प्रसिद्ध उपदेशक जॉन क्रिसोस्टम यानें ३८६ सालच्या प्रवचनांत २५ डिसेंबरचा दिवस आपल्या लोकांस कळून दहा वर्षेंही झालीं नाहींत, असें सांगितलें. हळूहळू इतरांनीं रोमची तारीख स्वीकारली. आर्मेनियनांनीं स्वीकारली नाहीं. ते आजही ६ जानेवारीसच जन्मोत्सव करतात व त्याच दिवशीं पाणी अभिमंत्रित करतात. जो भेद पुष्कळांस विक्षिप्तपणा वाटतो, तो वस्तुतः जुन्या एकत्रित सणाचा अवशेष आहे.

दुसरा भेद पंचांगाचा. जूलियस सीझरच्या पंचांगांतील वर्ष खऱ्या सौरवर्षाहून सुमारें ११ मिनिटांनीं मोठें होतें; तेवढ्यानें सुमारें १२८ वर्षांत एक दिवस सरकतो. तेरावा पोप ग्रेगरी यानें १५८२ सालीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर मोजविला. स्पेन, पोर्तुगाल यांनीं तें तत्काळ मानलें. पोपाचा हुकूम म्हणून इंग्लंडनें मात्र १७५२ पर्यंत टाळलें. त्या वर्षीं २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. तत्कालीन मासिकांत छापलेली एक हकीकत येथें देण्यासारखी आहे. ग्लास्टनबरीचें एक कांटेरी झाड नाताळाच्या रात्रीं फुलतें असा समज होता. त्याच्या वंशांतलें म्हणून क्वेंटन गांवीं एक झाड होतें. १७५२ च्या २४ डिसेंबरास शेंकडों लोक दिवे घेऊन तेथें जमले; झाड फुललें नाहीं; तेव्हां हा नाताळ खोटा, असें लोकांनीं ठरविलें! त्यांस हसण्यापूर्वीं आपल्याकडे टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास व इतरांची १४-१५ जानेवारीस होते, हें ध्यानांत आणावें. शेटलंडमधील फूला बेटावर अद्यापि ६ जानेवारीस ‘यूल’ साजरा होतो. एकोणिसाव्या शतकांत दोन गणनांतील अंतर बारा दिवसांचें होतें. १९०० नंतर तें तेरा झालें, तरी बेटवाले बारावरच थांबले.

रशियांत राज्यानें फेब्रुवारी १९१८ मध्यें नवी गणना घेतली, धर्मपीठानें घेतली नाहीं. म्हणून तेथील जन्मोत्सव ७ जानेवारीस येतो, व २१०१ सालीं तो ८ जानेवारीस येईल. ग्रीसच्या धर्मपीठानें १९२४ मध्यें दिवस बदलला. युक्रेननें २०२३ मध्यें कायद्यानें सुट्टी २५ डिसेंबरास नेली, आणि तेथें पंचांगाचा प्रश्न उघडपणें राष्ट्राचा प्रश्न झाला. इथिओपियाचा ‘गेना’ त्यांच्या ताहसास महिन्याच्या २९ व्या दिवशीं, बहुधा ७ जानेवारीस, ४३ दिवसांच्या उपासानंतर येतो. लालिबेला येथें वेरूळच्या कैलासाप्रमाणें वरून खालीं खडकांत कोरलेलीं मंदिरें आहेत, तेथें शुभ्र वस्त्रांतील यात्रेकरूंची दाटी होते. खुद्द बेथलेहेमांत तर जन्मस्थानाच्या परिसरांत २५ डिसेंबर, ७ जानेवारी व, आर्मेनियन तेथें जुनी गणना धरीत असल्यानें, १९ जानेवारी असे तीन नाताळ होतात.

आतां कोंकणाकडे वळूं. सतराव्या शतकांत पोर्तुगीजांच्या वसईस नाताळ होई, त्या दिवशीं मुंबईच्या इंग्रजांच्या वहींत १५ डिसेंबर असे. १७०० नंतर १४ डिसेंबर. शिवाय इंग्रजांचें कायदेशीर वर्ष १७५२ पूर्वीं २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळें ‘१० जानेवारी १६७३’ असें त्या गणनेनें लिहिलेलें पत्र १६७३ च्या नाताळापूर्वींचें नसून नंतरचें, म्हणजे आपल्या हिशेबीं १६७४ चें असतें. हें न ओळखल्यास उत्तर आधीं व प्रश्न मागून, अशी पत्रांची मांडणी होते. वसईची शरणागती पोर्तुगीज गणनेनें १६ मे १७३९ ची, इंग्रजी गणनेनें ५ मेची. ग्रंथांतून दोन्ही तारखा आढळतात व दोन्ही खऱ्या आहेत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची होय. नवीप्रमाणें ती १६ जून. शके १५९६ ची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोन्हींकडे तीच राहते. यास्तव फिरंगी कागदाची नक्कल करतांना तारीख दुरुस्त करून लिहूं नये. मुळांत असेल तशीच उतरावी, आणि गणना जुनी कीं नवी तें समासांत नोंदवावें.