लिलावातील कबड्डी आणि मातीचा हिस्सा

बाजार समितीच्या आवारात मक्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा माल आणि मालक या दोन वेगळ्या गोष्टी असतात. २० मे २०१४ रोजी मुंबईत जो लिलाव झाला त्यात माल आणि मालक एकच होता. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामासाठी आठ संघांनी त्या दिवशी खेळाडू निवडले. राकेश कुमार यांना पाटणा संघाने १२ लाख ८० हजार रुपयांची सर्वोच्च बोली लावली. माणसांचा लिलाव या कल्पनेनेच त्या वेळी अनेकांच्या भुवया उंचावल्या. पण ज्यांच्यावर बोली लागली त्यांनी तक्रार केल्याचे फारसे ऐकिवात नाही.

याचे कारण अर्थशास्त्रात शोधावे लागते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये नवोदितांचा लिलाव होत नाही, वाटप होते. दुबळ्या संघाला आधी निवड करू द्यायची, म्हणजे स्पर्धेचा तोल राखला जातो, हे त्यामागचे तत्त्व. १९८४ च्या तुकडीत मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवी या उंच खेळाडूला पसंती दिली आणि ती निवड आजतागायत त्या संघाला ऐकवली जाते. आपल्याकडेही २००८ साली आयपीएलने एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी हीच पद्धत वापरली. दिल्लीने आपल्याच शहरातील विराट कोहली याला सोडून प्रदीप सांगवान याला घेतले आणि कोहली बंगळुरूकडे गेला. मात्र अशा वाटपात खेळाडूला एकाच गिऱ्हाइकाशी व्यवहार करावा लागतो. त्याची किंमत वाढण्यास वावच राहत नाही. लिलावात निदान दोन हात वर होतात. मानहानीचा प्रश्न बाजूला ठेवला, तर श्रमिकाला लिलावच अधिक लाभतो, हे मान्य केले पाहिजे.

२०१४ च्या त्या तुकडीचा परिणाम आकड्यांतच दिसतो. २०१८ च्या लिलावात सहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा गाठला. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्राला अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना उत्तर प्रदेशच्या संघात गेला. २०२३ साली पवन सेहरावत याची बोली २ कोटी ६० लाख ५० हजारांवर थांबली. नऊ वर्षांत सर्वोच्च भाव सुमारे वीसपट झाला. शेतमालाच्या बाबतीत असे घडले असते तर हा लेख लिहिण्याऐवजी मी शेतीच केली असती!

पण भाव हा सरासरीचा आरसा नव्हे. याच पवनला २०२२ साली तमिळ संघाने २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावल्याने त्याचा सारा हंगाम वाया गेला. तो मोठा खेळाडू होता, सावरला. बोलीच्या तळाशी असलेल्या मुलाच्या गुडघ्याचे काय? पूर्वी कबड्डीपटूचे ध्येय रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखाद्या कंपनीतील नोकरी हे असे. त्या नोकरीत कोटी नव्हते. पण गुडघा गेल्यावरही पगार होता आणि निवृत्तिवेतनही होते. लिलावाने उत्पन्न वाढवले आणि जोखीम मात्र खेळाडूच्या अंगावर टाकली. शाळेतल्या ज्या मुलांनी अभ्यास आणि नोकरी या दोहोंना रजा देऊन केवळ लिलावाची आस धरली आहे, त्यांच्या पालकांना हा हिशेब कुणीतरी समजावून सांगितला पाहिजे.

मुलींच्या वाट्याला तर हा हिशेबही आलेला नाही. २०१२ च्या पाटण्यातील पहिल्या महिला विश्वचषकात विजयी ठरलेल्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या मुली होत्या. प्रो कबड्डीच्या जोडीने २०१६ साली महिलांच्या तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली. पुढील हंगामांत ती दिसली नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न उत्पादन खर्चाचा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना मुंबईच्या संघात आला. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि २०१९ साली तेलुगू संघाने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. अशा खेळाडूला घडवण्याचा खर्च कोण करते? गावातले मंडळ, फुकट शिकवणारा क्रीडाशिक्षक, संध्याकाळी मैदानावर पाणी मारणारी पोरे. लिलावाच्या ताळेबंदात यांपैकी एकाचेही नाव नसते. बाह्य लाभ म्हणून वर्गात आम्ही जे शिकवतो, त्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

जागतिक फुटबॉलने यावर तोड काढली आहे. खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात गेला की हस्तांतर रकमेतील पाच टक्के वाटा, बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातो. आपल्याकडे बोलीची रक्कम खेळाडूचीच असते, म्हणून त्याच्या खिशात हात घालू नये. संघमालकांनी बोलीच्या पाच टक्के रक्कम वेगळी भरावी. देसाईच्या २०१९ च्या बोलीवर ती सव्वासात लाख झाली असती. लीग मॅटवर खेळली जाते आणि आपल्या तालुक्यांतील बहुतेक मुले अजून मातीवर सराव करतात. हा पैसा आधी त्या मॅटसाठी खर्च व्हावा, आणि त्यासाठी लीग व राज्य संघटना यांनी पुढच्या लिलावाआधीच नियम करावा.