दिवाळीचा किल्ला : विकतचा की घरचा?



सहामाही परीक्षा उरकली, की पोरांचे हात शिवशिवू लागतात. कुणी परसातून फुटक्या विटा ओढून आणतो, कुणी गोठ्यातलं जुनं गोणपाट पळवतो, कुणी आजीच्या डब्यातले मूठभर अळीव मागतो. दिवाळीचा किल्ला व्हायचा असतो ना! चार दिवस अंगण चिखलानं माखतं, आई रागावते आणि शेवटी तीच पोरांना विचारते, ‘अरे, महाराजांना बसायला जागा कुठं ठेवलीत?’

आता पुण्यातला देखावा पाहा. कसबा पेठेजवळच्या कुंभारवाड्यात या दिवसांत गेलात, तर मातीच्या चित्रांच्या रांगाच रांगा दिसतील. सिंहासनावर बसलेले महाराज, मावळे, घोडेस्वार, तोफा, शिवाय डोक्यावर घडा घेतलेली गवळण आणि गुहेत ठेवायचा वाघही. त्यांच्या शेजारीच तयार किल्ले मांडलेले असतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे, रंगवलेले, बुरूज-दरवाजांसह. पसंत करायचा, रिक्षात घालायचा, घरच्या गॅलरीत ठेवायचा, की झालं काम! मग प्रश्न येतो, किल्ला विकत घ्यावा की घरी करावा?

विकत घेणाऱ्याला मी एकदम दोष देणार नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्यानं माती आणायची कुठून आणि दिवाळीनंतर टाकायची कुठं? आई-बाप दोघंही नोकरीला जातात, सुट्टी चार दिवसांची. शिवाय तयार किल्ला माळ्यावर ठेवला, तर पुढच्या दोन-तीन दिवाळ्यांनाही चालतो. त्यावर कारागिराचं पोटही भरतं. या गोष्टी खऱ्या आहेत. पण घेणाऱ्याच्या हातून काय निसटतं, तेही पाहायला हवं.

खेळातलं सैन्य मांडून लढाई लढायची हौस काही आपल्याच मुलांना नाही. जर्मनीतल्या प्रशिया राज्यात रायस्विट्झ नावाच्या गृहस्थानं १८१२ साली राजासाठी एक खास मेज करून दिलं होतं. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते हवे तसे जुळवून प्रदेश मांडता येई. त्याच्या मुलानं १८२४ साली नकाशावर खेळायचे नियम छापले आणि ते लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात वापरले गेले. पुढं १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं शिशाच्या शिपायांच्या खेळावर एक पुस्तकच लिहिलं. त्याची घरं आणि टेकड्या म्हणजे लाकडी ठोकळे नि फळ्या, आणि झाडं म्हणजे बागेतल्या डहाळ्या. आज तिकडं तयार टेकड्या, तयार झाडं, तयार खेडी दुकानात मिळतात. तिथल्या खेळगड्यांपुढंही आपल्यासारखाच प्रश्न असतो, विकत घ्यावं की हातानं करावं? पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत असतं. मेजावरची टेकडी नुसती शोभेची नसते. तिच्यावर जो उभा राहतो, त्याला लांबचं दिसतं आणि त्याची तोफ लांब पोचते.

हेच आपल्या किल्ल्याला लावून पाहू. उदाहरण घेऊ पुरंदरचं.

पुरंदर एकटा नाही. त्याच्या पूर्वेला भैरवखिंडीपलीकडं वज्रगड उभा आहे. पुरंदरचा बालेकिल्ला उंच, त्याच्या खाली माची. वज्रगड बालेकिल्ल्याहून ठेंगणा, पण माचीवर त्याची नजर आहे. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान चालून आले, तेव्हा मोगलांनी आधी काय घेतलं? वज्रगड! एप्रिलच्या मध्यात तो पडला आणि पुरंदरच्या माचीवर मारा करणं त्यांना सोपं झालं. मुरारबाजी देशपांडे याच वेढ्यात लढता लढता पडले. जूनमध्ये तह झाला आणि महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. पुढं १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रज आले. त्यांनीही आधी वज्रगड ताब्यात घेतला, आणि मग पुरंदरच्या किल्लेदाराला शस्त्र खाली ठेवावं लागलं. दीडशे वर्षांच्या अंतरानं दोन वेगळे शत्रू आले, आणि दोघांनाही तोच डोंगर उपयोगी पडला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, हा धडा नियम होऊन आला आहे. किल्ल्याच्या जवळ दुसरा डोंगर असू नये. असलाच तर तो सुरुंगानं उतरवावा, आणि ते जमत नसेल तर तोही बांधून आपल्या ताब्यात ठेवावा, असा त्याचा आशय. किल्ला बांधण्याआधी पाण्याची सोय पाहावी, हेही तिथं बजावलं आहे.

आता सांगा, दुकानातल्या तयार किल्ल्याबरोबर वज्रगड मिळतो का? मिळत नाही. किल्ला मिळतो, पण त्याच्या भोवतालचा मुलूख मिळत नाही. आणि गडाचं बळ निम्मं तटात असलं, तर निम्मं त्या मुलखात असतं. हातानं माती लिंपणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी विचार करावा लागतो, दरवाजा कुठल्या बाजूला? वाट कुठून चढवू? पाणी कुठं साठेल? हे प्रश्न तयार किल्ल्यात दुसऱ्यानं सोडवलेले असतात, किंवा कुणीच सोडवलेले नसतात.

म्हणून गुरुजी, यंदा शाळेच्या आवारात पुरंदर आणि वज्रगड अशी जोडी करून पाहा. कृती सोपी आहे.

आधी जागा. किंचित उताराची घ्या, म्हणजे पाणी तुंबणार नाही. मग दगडविटा रचा; पण वाळूच्या ढिगासारखा निमुळता डोंगर करू नका. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला आहे. म्हणून त्याचा कडा सरळ, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, असा पायऱ्यापायऱ्यांचा आकार दिसतो. विटा थराथरानं मागे घेत रचल्या, की हा आकार आपोआप येतो. जी सपाटी राहील ती माची, आणि वरचा टप्पा बालेकिल्ला.

त्यावर ओलं गोणपाट पसरा आणि मातीचा गिलावा द्या. नुसती काळी माती वापरू नका. ती वाळताना आकसते आणि भेगाळते, हे शेतकऱ्याला मी काय सांगायचं? तिच्यात तांबडी माती किंवा बारीक मुरूम मिसळा, थोडं भुसकट आणि शेण घाला. घराच्या भिंतीला जे चालतं, तेच गडाच्या भिंतीलाही चालतं. पहिला हात सुकू द्या, मग दुसरा द्या.

पाण्याच्या टाक्यासाठी करवंटी पुरून ठेवा. तटाला बुरूज काढा. दरवाजा मात्र समोरून दिसेल असा ठेवू नका. दोन बुरुजांच्या बगलेत वळणावर लपवा. रायगडाचा महादरवाजा असाच आहे. शत्रू अगदी जवळ आल्याशिवाय दार दिसत नाही, आणि दिसेपर्यंत तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडलेला असतो. शेवटी उतारावर भिजवलेले अळीव किंवा मोहरी पसरा. रोज हलकं पाणी शिंपडलंत, तर आठवड्याच्या आत हिरवळ येते.

किल्ला झाला की एक दोरा घ्या. त्याचं एक टोक वज्रगडाच्या माथ्यावर धरा आणि दुसरं पुरंदरच्या माचीवर एकेका ठिकाणी न्या. दोरा मध्ये कुठंही न टेकता सरळ गेला, तर ती जागा तोफेच्या तोंडी आहे. पुस्तकातलं ‘वज्रगड पडला’ हे वाक्य मुलांनी अनेकदा वाचलेलं असतं. दोरा ताणल्यावर त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात येतो.

गणिताचा तासही इथंच घेता येईल. दुकानातला मावळा ८ सेंटीमीटरचा आहे आणि खरा माणूस १६० सेंटीमीटरचा धरला, तर प्रमाण झालं एकास वीस. या प्रमाणात पायथ्यापासून ६०० मीटर उंच असलेला डोंगर करायचा, तर तो भरेल ३० मीटर! शाळेच्या छपराच्याही कितीतरी वर जाईल. उलट, डोंगर ६० सेंटीमीटरचा केला, तर प्रमाण एकास हजार, आणि मावळा होईल दीड मिलिमीटरहून थोडा मोठा, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा. मुलं हसतील. पण तेवढ्या उंच कड्यावर दोराला धरून चढणाऱ्या माणसाची छाती केवढी असेल, हेही त्यांना हसता हसता कळेल.

मग विकत काहीच घ्यायचं नाही का? अवश्य घ्यावं! महाराजांची मूर्ती, घोडेस्वार, मावळे कुंभाराकडून घ्या. ती कला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आपल्या पोरांच्या हातून घोड्याचे पाय धड होत नाहीत. शक्यतो मातीची चित्रं मागा. साधी माती पाण्यात विरघळून पुन्हा माती होते, प्लॅस्टर एकदा घट्ट झालं की तसं विरघळत नाही. माझा हिशेब साधा आहे. सैन्य विकतचं असावं, मुलूख घरचा असावा. शहरात जागा नसेल, तर मोठ्या परातीत किंवा जुन्या फळीवर हातभर डोंगर करा. छोटा असला तरी त्यात वाट, दार आणि पाणी कुठं असावं, हे मुलालाच ठरवू द्या.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. त्यांच्या नामांकनाचं नावच मुळी मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांचं आहे. म्हणजे तिथं नुसते तट नाहीत, तटांना जन्म देणारा मुलूखही मोजला गेला आहे. पुरंदर त्या यादीत नाही, पण हीच गोष्ट तो फार चांगली शिकवतो. यंदा पुरंदर करा, पुढल्या वर्षी राजगडाच्या तीन माच्या करा, आणि जमलं तर मुलांना घेऊन एखादा खरा गड चढा. अंगणात ज्यानं वाट काढली आहे, त्याला गडावरची वाट अनोळखी वाटत नाही.

दिवाळी संपेल. पावसाच्या एखाद्या चुकार सरीनं किल्ला ढासळेल, विटा पुन्हा परसात जातील, माती वाफ्यात पडेल. ढासळू दे. पुढच्या वर्षी पोरं पुन्हा गोणपाट पळवतील. तुम्ही तेवढं रागवायचं नाटक करा, आणि हळूच विचारा, ‘काय रे, वज्रगडावर पहारा ठेवलात का?’